आधी सरपण, मग अग्नी

बीजिंगमध्ये २०१७ च्या सप्टेंबरात आम्ही घर भाड्याने घेतले, तेव्हा त्याच मजल्यावरच्या समोरच्या घरापेक्षा त्याचे भाडे कमी का आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही. आपल्याकडे दक्षिणेचे दार म्हटले की वडीलधारी मंडळी यमाची दिशा म्हणून नको म्हणतात. त्याच समजुतीत मी वाढले असल्यामुळे दिवाणखान्याच्या सगळ्या खिडक्या उत्तरेकडे उघडतात हे पाहून मला उलट समाधानच वाटले होते. ऑक्टोबर संपत आला आणि चूक लक्षात येऊ लागली. बीजिंग साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथल्या इमारतींत सार्वजनिक व्यवस्थेतून मिळणारी ऊब ठरल्याप्रमाणे १५ नोव्हेंबरला सुरू होते आणि १५ मार्चला बंद होते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे घर स्वतःच्या बळावर जेवढे उबदार राहील तेवढेच. आमच्या दिवाणखान्यात ऊन असे कधी आलेच नाही. दुपारी बारा वाजताही तिथे तिन्हीसांजेसारखे वाटे, आणि संध्याकाळ झाली की आम्ही सगळे आपोआप स्वयंपाकघरात जमत असू.

या घरात अग्नितत्त्व नाही, असे मला पहिल्यांदा चिनी भाषेच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितले. फेंग शुई या चिनी वास्तुविद्येबद्दलचे माझे ज्ञान तोवर भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणारा हसरा बुद्ध आणि दारात टांगायच्या किणकिणत्या नळ्या, एवढ्यापुरतेच होते. तरी अग्नी म्हणजे लाल रंग हे कुठेतरी वाचलेले होते, म्हणून मी बाजारात जाऊन उशांचे चार लाल अभ्रे, एक लाल कंदील, खिडकीला चिकटवायची कातरकामाची लाल नक्षी आणि सोफ्यावर टाकायला एक किरमिजी शाल आणली. घरमालकाचे सामान म्हणजे करड्या कापडाचा सोफा, काचेचे टेबल, पोलादी मांडणी आणि पांढरी फरशी. त्या सगळ्यावर लाल वस्तू कुणीतरी विसरून गेल्यासारख्या दिसत होत्या. खोली उबदार तर झाली नाहीच, पण तिथे बसल्यावर एक प्रकारची अस्वस्थता मात्र जाणवू लागली.

समोरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत असत. मावशीच्या वयाच्या बाईला तिकडे ‘आयी’ म्हणतात, आणि परदेशात रोज कुणाला तरी या शब्दाने हाक मारायला मिळणे हे मला फार मोलाचे वाटत असे. आयी एके दिवशी कोबीचे लोणचे घेऊन आल्या, दारातच थांबून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, “मू कुठे आहे?” मू म्हणजे लाकूड. मला प्रश्न कळला नाही असे वाटून त्यांनी तळहातावर बोटाने अग्नीचे चिनी अक्षर काढून दाखवले. हुओ या शब्दाचे हे अक्षर दिसायला ‘माणूस’ या अक्षराच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिणगी दिल्यासारखे असते. “आग एकटी उभी राहत नाही. तिला धरून राहायला काहीतरी लागते. तू ज्वाळा आणल्यास, जळण कुठे आहे?”

हा प्रश्न माझ्या मनात इतका घर करून राहिला की पुढच्या वर्षभरात मी या विषयाचे जे काही वाचले आणि पाहिले, ते सगळे त्याच्याभोवतीच लावत गेले. आपली पंचमहाभूते पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही आहेत. चिनी परंपरेतील पाच म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. दोन याद्या शेजारी ठेवून तेज म्हणजेच हुओ असे समीकरण मांडण्याचा मोह मला आधी झाला होता, परंतु ते नीटसे जुळत नाही. चिनी संज्ञा ‘वू-शिंग’ अशी आहे, आणि त्यातील शिंग या शब्दाचा मूळ अर्थ चालणे असा आहे. वस्तू कशाची बनली आहे, यापेक्षा ती कोणत्या दिशेने चालली आहे, कशातून आली आणि कशात जाणार, याचा तो विचार आहे. अग्नीची चाल वरच्या दिशेची, हे वर्णन ‘शांगशू’ या प्राचीन ग्रंथात आलेले आहे. म्हणून उंच निमुळते आकार, त्रिकोण, वर प्रकाश फेकणारे दिवे हे सारे अग्नीचे मानतात. ऋतूंमध्ये उन्हाळा, दिशांमध्ये दक्षिण, अवयवांमध्ये हृदय आणि अंकांमध्ये ९ हेही त्याचेच. या तत्त्वाचे चिन्ह ‘ली’ या नावाने ओळखले जाते. त्यात तीन आडव्या रेषा असतात. वरची आणि खालची अखंड, मधली मात्र तुटलेली. बाहेरून तेजस्वी आणि आतून पोकळ, म्हणून कशाला तरी बिलगून राहणारा, असा अग्नीचा स्वभाव त्या तीन रेषांत सांगितलेला आहे. आयी जे म्हणाल्या ते हेच होते.

लाकूड अग्नीला पोसते, अग्नीची राख होऊन माती बनते, मातीतून धातू निघतो, धातूवर पाणी जमते आणि पाणी झाडाला वाढवते, असे हे पोषणाचे चक्र आहे. दुसरे चक्र दमनाचे: पाणी अग्नीला विझवते आणि अग्नी धातूला वितळवतो. हे वाचताना मला आजोळची चूल आठवत असे. आजी पहाटे आधी बारीक काटक्या आणि ढलप्या रचायची, मग काडी ओढायची, आणि हे सगळे मातीने लिंपलेल्या चुलीच्या पोटात चालायचे. सरपण, जाळ आणि माती या तिघांचे काम एकाच जागी होते, आणि त्यातील एक जरी कमी पडले तरी घरात नुसता धूर भरत असे. माझ्या बीजिंगच्या दिवाणखान्यात काच, पोलाद, करडा आणि पांढरा रंग, म्हणजे धातू आणि पाणी यांचाच सगळा पसारा होता. त्यात चार लाल अभ्रे टाकणे म्हणजे ओल्या फरशीवर काडी ओढण्यासारखे होते.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. लाल वस्तू कपाटात गेल्या. एका रविवारी पान्जियायुआनच्या जुन्या बाजारातून आम्ही एक बुटके लाकडी टेबल आणले. त्याच्या एका पायाला भेग होती आणि वरच्या फळीवर कुणाच्या तरी पिढीजात चहाच्या पेल्यांची गोल वर्तुळे उमटलेली होती. फळीवरून हात फिरवला की लाकडाच्या शिरा बोटांना लागत. काचेचे टेबल घरमालकाच्या परवानगीने गच्चीत गेले. पोलादी मांडणीच्या दोन फळ्यांवर बांबूची चटई अंथरली आणि एक हिरवे झाड ठेवले. हे झाल्यावरच दिवा आला. मोबाइलच्या होकायंत्राने दक्षिणेची भिंत शोधली (चिनी भाषेत होकायंत्राला ‘दक्षिण दाखवणारी सुई’ असेच म्हणतात, हे मला त्याच दिवशी कळले) आणि त्या भिंतीशी, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पांढऱ्या कागदाचा उभट दिवा ठेवला. कागदातून गाळून येणारा पिवळसर उजेड भिंतीवरून वर चढत जाई आणि टेबलाच्या शिरांवर तांबूस चमक आणी. तिसऱ्या दिवशी मी कपाटातून चारपैकी एकच लाल अभ्रा काढला आणि तो दिव्याजवळच्या उशीला घातला. या वेळी तो परका वाटला नाही. खोलीचे तापमान अर्थातच तेवढेच होते, पण त्या संध्याकाळपासून मुले गृहपाठ करायला त्या टेबलाशी बसू लागली.

दक्षिणेला चिनी परंपरेत एवढा मान का, याचे उत्तर मला आयींच्या घरात मिळाले. डिसेंबरात बीजिंगचा सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो, आणि इतक्या तिरप्या उन्हामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ते थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचते. त्यांच्या सोफ्यावर, रोपांवर, झोपलेल्या मांजरावर दिवसभर ऊन असे. उत्तरेकडून हिवाळ्याचे कोरडे, बोचरे वारे येतात. म्हणून पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला ठेवून बसलेले घर तिथे उत्तम समजले जाते. सम्राटही सिंहासनावर दक्षिणेकडे तोंड करून बसत असे. राजवाड्याच्या दक्षिण दरवाजाचे नाव ‘वू-मन’ आहे, आणि त्यातील ‘वू’ म्हणजे मध्यान्हीचा प्रहर, जो अग्नीचाच मानतात.

त्याच राजवाड्यात, म्हणजे निषिद्ध नगरीत, मी एक इमारत मुद्दाम जाऊन पाहिली, कारण अग्नितत्त्वाबद्दल इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. हा राजवाडा १४२० मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी वीज पडून त्याचे तीन मुख्य महाल जळाले. सगळे बांधकाम लाकडाचे, भिंती आणि खांब लाल, छपरे पिवळ्या कौलांची, म्हणजे लाकूड, अग्नी आणि माती यांची रेलचेल; आगीची भीती शतकानुशतके राहिली, आणि अंगणाअंगणांत पूर्वी पाण्याने भरून ठेवली जाणारी धातूची प्रचंड घंगाळी आजही उभी आहेत. १७७६ मध्ये सम्राट चियानलोंगच्या काळात तिथे वेनयुआन-ग नावाचे ग्रंथालय उभे राहिले, तेव्हा त्यावर पिवळी कौले न घालता काळी कौले घातली गेली, कारण काळा हा पाण्याचा रंग आहे. वरच्या मजल्यावर एकच सलग दालन आणि खाली सहा खण, ही रचनाही ‘आकाशाचा एक पाणी जन्माला घालतो आणि पृथ्वीचे सहा ते पूर्ण करतात’ या जुन्या वचनाला धरून आहे. पिवळ्या छपरांच्या त्या समुद्रात ती काळी-हिरवी इमारत बाहेरून पाहताना मला एक गोष्ट पटली: ज्यांनी हा विचार घडवला, त्यांनी रंगाला नुसती शोभा मानले नव्हते, प्रत्येक रंगाला काही काम नेमून दिले होते. घरातली एखादी लाल वस्तू निवडताना ती इथे काय काम करणार आहे, असे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आले आहे.

अग्नी जास्त झाला तर काय करायचे, हेही आयींकडूनच शिकले. माझी समजूत अशी की लाल फार झाले तर निळे आणावे, म्हणजे पाणी ओतावे. त्यांना ते मान्य नव्हते. पाणी आणि अग्नी समोरासमोर आले की झगडा होतो आणि वाफ उडते. त्यापेक्षा अग्नीला पुढे वाट करून द्यावी, म्हणजे माती आणावी. मातीची भांडी, भाजलेल्या विटेचा रंग, पिवळट वाळूच्या छटा, जाडेभरडे सुती कापड यांनी लाल रंगाचा जोर आपोआप उतरतो. त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडी आणि सिंक समोरासमोर होती आणि जागा बदलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी दोहोंच्या मध्ये खिडकीच्या कठड्यावर कांद्याच्या पातीची कुंडी ठेवली होती. पाणी पातीला वाढवते, पात म्हणजे लाकूड, आणि लाकूड अग्नीचे मित्र; अशी मध्यस्थी. स्वयंपाक करताना आयी कात्रीने चार पाती कापून थेट कढईत टाकत.

आम्ही २०१९ मध्ये पुण्याला परतलो, आणि इथे पहिला प्रश्न सासूबाईंनी विचारला. आपल्या वास्तुशास्त्रात अग्नीचा कोपरा आग्नेय आहे, नावातच अग्नी आहे, मग तू दक्षिणेच्या भिंतीशी दिवे का मांडतेस? प्रश्न रास्त होता. दोन्ही शास्त्रे एकाच खोलीत मिसळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दोन वेगवेगळ्या भूमींत, वेगळ्या सूर्याखाली वाढली, आणि दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलले तर दोन्हींतला हिशेब बिघडतो. आमचे स्वयंपाकघर आग्नेयेला होते आणि तिथे वास्तूचाच शब्द चालतो, यावर आमचे एकमत झाले. योगायोगाची गोष्ट अशी की फेंग शुईत आग्नेय दिशा लाकडाची आहे, म्हणजे अग्नीच्या सरपणाची. हे सांगितल्यावर सासूबाई समाधानाने हसल्या.

आणखी एक गोंधळ मला इथल्या ओळखीच्या घरांत दिसतो. अग्नीची जागा होकायंत्राने शोधायची, की मुख्य दारातून आत आल्यावर समोरच्या भिंतीचा मधला भाग ती जागा धरायची? पहिली पद्धत जुनी आहे. दुसरी अमेरिकेत १९८० च्या दशकापासून फेंग शुईचे गुरू लिन युन यांच्या ‘ब्लॅक हॅट’ पंथामुळे पसरली आणि तिथल्या पुस्तकांतून आपल्याकडे आली. मी होकायंत्र वापरते, कारण सूर्य दाराकडे पाहून उगवत नाही. परंतु कुणाला दुसरी पद्धत पटत असेल तर तीच संपूर्ण घराला लावावी.

पुण्याच्या घरातले सगळ्यात मोठे काम रंगाचे नव्हते, उजेडाचे होते. मध्यमवर्गीय मराठी घरात दिवाणखान्याच्या छताजवळ एक पांढरी ट्यूब असते आणि तिने सगळी खोली सारखी उजळली की आपल्याला स्वच्छ वाटते. त्या ट्यूबचा उजेड बहुतेक वेळा ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) असतो, म्हणजे निळसर पांढरा, ढगाळ दुपारच्या जवळचा. निरांजनाच्या ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा असतो. खोलीत अग्नी आणायचा असेल तर लाल उशी घेण्याआधी दिव्याच्या खोक्यावरचा हा आकडा पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगते. २७०० ते ३००० केल्विनचे दोन-तीन लहान दिवे, डोळ्यांच्या पातळीच्या खाली, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एवढ्यानेच खोलीचा स्वभाव बदलतो. सासूबाईंना तांदूळ निवडायला आणि वर्तमानपत्र वाचायला पांढरा उजेड लागतो, म्हणून ट्यूब काढली नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी वाचनाचा वेगळा दिवा दिला, आणि दिवेलागणीनंतर ट्यूब बंद ठेवण्याला त्यांनी स्वतःच सुरुवात केली. देवघरातली समई तोवर ट्यूबच्या झगझगाटात विझल्यासारखी दिसत असे. आता दिवाणखान्यातूनही तिची ज्योत दिसते.

लाल रंगासाठी मी खणाचे कापड निवडले. ओटी भरताना खणाची त्रिकोणी घडी घालतात, आणि त्रिकोण हा तर अग्नीचाच आकार. पण निवडीचे खरे कारण त्याचे विणकाम आहे. कुंकवाच्या रंगाचा तो खण उजेडात धरला की आडव्या-उभ्या धाग्यांतून वेगळीच तांबूस झाक मारतो, त्यामुळे लाल असूनही तो डोळ्यांवर येत नाही. दोन उशांना खणाचे अभ्रे शिवले आणि बाकीच्या चार साध्या मांजरपाटाच्या ठेवल्या, म्हणजे अग्नी दोन वाटे आणि माती चार. दक्षिणेच्या भिंतीवर आजी-आजोबांचा फोटो सागवानी चौकटीत लावला. माणसांच्या आणि प्राण्यांच्या प्रतिमा अग्नितत्त्वात धरतात, त्यामुळे मृगांच्या किंवा सूर्योदयाच्या छापील चित्रांपेक्षा घरातल्याच माणसांचे चेहरे तिथे मला अधिक योग्य वाटले. दारावरचे तोरण मात्र काही न बदलता या चक्रात बसते: आंब्याची हिरवी पाने म्हणजे लाकूड आणि त्यांवर झेंडूचा केशरी जाळ. बीजिंगमध्ये नववर्षाच्या आदल्या दिवशी लोक दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या शुभेच्छांच्या पट्ट्या चिकटवतात, तेव्हा मला दरवर्षी या तोरणाची आठवण होत असे.

झोपण्याच्या खोलीत मी अग्नी जवळजवळ ठेवलाच नाही. हल्लीचे जाणकार विजेची उपकरणेही अग्नीतच मोजतात, आणि उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल पाहिला की ते मला पटते. मेणबत्त्या आणि पडदे यांच्यात हातभर तरी अंतर हवे, हे सांगायला कोणत्याच शास्त्राची गरज नाही, तरीही सांगते.

सध्या या विषयाची चर्चा वाढली आहे, कारण फेंग शुईच्या कालगणनेत २०२४ पासून २०४३ पर्यंतची २० वर्षे नवव्या पर्वाची, म्हणजे ‘ली’ची, अग्नीची मानली जातात. त्यानिमित्ताने लाल-जांभळ्या वस्तूंची जोरात विक्री चालली आहे. आयींनी मात्र मला फोनवर सांगितले की येणारा काळच अग्नीचा असेल तर घरात आणखी जाळ कशाला, त्यांनी तर दोन मातीच्या कुंड्या आणल्या.

पुण्याच्या बाबतीत मी याच मताला आले आहे. इथे डिसेंबरातही सूर्य दुपारी ४८ अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर तो मध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेलाच सरकलेला असतो. बीजिंगच्या उत्तराभिमुख खोलीला जो अग्नी लागतो तो आमच्या पश्चिमेच्या दिवाणखान्याला वर्षातले चार महिने सोसवणार नाही. म्हणून चैत्र लागला की खणाचे अभ्रे धुऊन, कडुनिंबाची पाने घालून ट्रंकेत जातात, उशांना पांढरे-निळसर अभ्रे चढतात, दिव्यांपैकी एकच लागतो आणि दक्षिणेच्या भिंतीशी पाण्याने भरलेला माठ येतो. पान्जियायुआनचे टेबल तेवढे बारा महिने जागचे हलत नाही. परवा सर्वपित्री आहे. आज मी ट्रंक उघडली, अभ्रे उन्हात टाकले आहेत, आणि घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी ते पुन्हा उशांना चढतील.